विच हेझल आणि लांजेवारांचं नाव

दामूभाऊ गेल्याची बातमी मला एका जाहिरातीतून कळली. सकाळी सव्वासातच्या सुमारास फोनवर एक चित्र आलं. मधोमध दामोदर लांजेवारांचा फोटो, त्यावर संगणकाने चढवलेला झेंडूचा हार, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि उजव्या कोपऱ्यात अंगठ्याएवढी निळी बाटली. बाटलीखाली हिंदीत ओळ होती : 'काका के भरोसे की खुशबू, सदा आपके साथ.' पाठवणारे त्यांचे जावई. अंत्ययात्रा किती वाजता निघणार, हे त्या चित्रात कुठेही नव्हतं. सिविक सेंटरमधल्या दुकानाचा पत्ता मात्र होता. पंचवीस वर्षं मी भिलाईतल्या एका हिंदी दैनिकात बातम्या लिहितो आहे. मृत्यूच्या बातमीत काय आधी येतं आणि काय येतच नाही, याचे काही साधे नियम आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवले होते. ते चित्र मी दोनदा पाहिलं, फोन उलटा ठेवला आणि तोंड धुतलं. किळस आली, हाच शब्द बरोबर आहे.

आता पाच आठवडे झाले. जे लिहायला हवं होतं ते दामूभाऊ हयात असताना लिहिलं नाही, म्हणून आता लिहितो आहे.

सेक्टर दहामध्ये आमची आणि लांजेवारांची क्वार्टरं समोरासमोर होती. ते साकोलीकडच्या एका धानाच्या गावातून आले, आयटीआय करून भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये लागले आणि सगळी नोकरी कोक ओव्हनच्या बाय-प्रॉडक्ट सेक्शनमध्ये केली. कोळसा भाजताना जो वायू निघतो तो थंड करून त्यातून डांबर, अमोनिया, बेन्झॉल आणि नॅफ्थलीन काढायचं, असं तिथलं काम. त्या भागात पहिल्यांदा जाणारा माणूस रुमाल शोधतो. दामूभाऊ तिथे वासावर चालत. कुठल्या जोडातून गळती आहे, हे यंत्र दाखवायच्या आधी त्यांना कळे. संध्याकाळी ड्युटीवरून येताना ते आमच्या दारात थांबून आईला सांगत, "वहिनी, तुमच्याकडं आज जवस कुटली." ती खरोखरच कुटलेली असे.

त्या सेक्शनमध्ये काही वर्षांनी अनेकांचं नाक मरतं, वास येईनासा होतो. मेलं तरी कोणी सांगत नसे, कारण सांगितलं की मेडिकलमध्ये 'अनफिट' शेरा पडे आणि सेक्शन बदले. मग ही माणसं एक युक्ती करत. शिफ्ट बदलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं. त्याने नाक आक्रसलं की आपणही म्हणायचं, "हो, लई मारून राहिला आज." दामूभाऊंना त्यांचा मनस्वी राग होता. 'तोंडपाहे' म्हणत ते त्यांना. "अबे, उद्या गॅस सुटंल तर हा काय दुसऱ्याच्या मिशा पाहत बसंल?" असं ते भर जेवणात म्हणायचे, आणि पुढे अशी काही नावं ठेवायचे की त्यांच्या पत्नी, कुसुमवहिनी, त्यांच्या ताटात मुद्दाम आणखी भात वाढून त्यांचं तोंड बंद करत.

निवृत्तीनंतर त्यांनी कोहक्याला घर बांधलं आणि मागची खोली अत्तरांसाठी ठेवली. काचेचं एक छोटं ऊर्ध्वपातन यंत्र, कागदाच्या पट्ट्या, ड्रॉपर, खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, मुळ्यांची पोती. आयुष्यभर डांबर हुंगलं, आता चांगलं काहीतरी हुंगू, एवढाच त्यामागचा विचार. शेजारीपाजारी खसाचं अत्तर मागायला येत आणि ते देत. लेकीचं, रजनीचं, लग्न झालं ते दुर्गच्या एका घरात. जावयांना धंद्याची आवड होती. 'नॅचरल' हा शब्द तेव्हा बाजारात नवा नवा गरम होता, आणि सासरा फुकटचा तज्ज्ञ होता.

विच हेझल आणलं ते जावयांनीच. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून एक कॅन मागवला होता. हे उत्तर अमेरिकेतलं झुडूप. पानं गळाल्यावर, थंडीत त्याला पिवळ्या दोऱ्यांसारखी फुलं येतात. फुलांचं मात्र काही करत नाहीत, काड्या आणि साल पाण्याबरोबर उकळून त्यांची वाफ धरतात. हे पाणी तिकडचे न्हावी दाढीनंतर गालाला लावत आले आहेत. वहिनींनी नावाचा अर्थ विचारला. विच म्हणजे चेटकीण, असं कळल्यावर त्यांनी कॅनकडे बोट दाखवलं : "टोनहीचं पाणी घरात आणलं का? शेजारणीनं ऐकलं तर उद्यापासून हळदीकुंकवाले कोणी येनार नाही." दामूभाऊंनी झाकण उघडून हुंगलं. मी तिथे होतो. मलाही हुंगायला दिलं. मला जवळजवळ काहीच आलं नाही.

"तेच तर," ते म्हणाले. "ओलं लाकूड, वाळलं गवत, आन् थंड झालेला बिनदुधाचा चहा. बस. याले वास म्हणू नको. ही वासाची जागा आहे. दुसऱ्याले बसाले पाट टाकते हे."

त्या पाटावर त्यांनी खस बसवला. पद्धत सोपी होती आणि वेळखाऊ होती. खसाचं तेल आधी स्पिरिटमध्ये विरघळवायचं, मग विच हेझलचं पाणी थेंबाथेंबाने सोडायचं. एका टप्प्याला तो द्रव दुधासारखा गढूळ होतो. गढूळ झाला की मिश्रण फसलं. त्याच्या दोन थेंब आधी थांबायचं. हे दोन थेंब कुठे सुरू होतात, ते डोळ्यांना कळत नाही. दामूभाऊ म्हणत की वास आधी सांगतो, खस किंचित मागे सरतो. मी समोर बसून पाहिलं आहे. ते डोळे मिटत, ड्रॉपर थांबवत आणि म्हणत, "झालं." तयार होणारं पाणी स्वच्छ, हलकं, जवळजवळ लाजरं होतं. मानेवर मारलं तर अर्ध्या तासाने माठातल्या पाण्यासारखा गारवा तेवढा उरे. जावयांनी पहिल्या खेपेच्या बाटल्या खरंच याच पाण्याच्या भरल्या. त्यांच्या बाजूने जेवढं लिहिता येईल तेवढं लिहिलं. इथे संपलं.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. घरात दोघांनाही ताप आला, दोघंही बरी झाली. दामूभाऊ पुन्हा मागच्या खोलीत बसू लागले. यंत्र पूर्वीसारखं सुरू नसायचं, पण वय झालं, असं सगळ्यांनी मानलं. मीही मानलं.

साधारण वर्षापूर्वी सिविक सेंटरमध्ये त्या निळ्या बाटलीचा थाटाचा काउंटर लागला. बाटलीवर इंग्रजीत विच हेझल, बाजूला पिवळ्या फुलाचं चित्र आणि दामूभाऊंचा चष्म्यातला चेहरा. खाली लिहिलं होतं, 'लांजेवार काका का परखा हुआ.' मी एक घेतली. घरी येऊन दाढी केली आणि गालावर मारली. आधी काकडीचा वास आला, मग च्युइंगमचा, आणि दहा मिनिटांनी नीट न वाळलेल्या टॉवेलवर बाथरूमचा फ्रेशनर मारावा तसा. त्वचेवर एक चिकट थर बसला. तीनदा साबण लावला. रात्री जेवताना घासागणिक तोच वास तोंडात जात होता, मी ताट अर्धं सोडलं. बाटली हलवून पाहिली तर आत भांड्यांच्या साबणासारखा फेस आला. दामूभाऊंच्या पाण्याला कधी फेस आला नव्हता. जो माणूस दोन थेंबांसाठी अर्धा तास डोळे मिटून बसतो, त्याने हे पारखलं, यावर माझा विश्वास बसेना.

दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन कोहक्याला गेलो. ते मागच्या खोलीत खुर्चीत बसले होते.

"काय पत्रकार, काय आणलं?"

"तुमचंच आहे."

मी कागदाच्या पट्टीवर फवारा मारला, आधी स्वतः हुंगला आणि पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती नाकाजवळ नेली. डोळे मात्र मिटले नाहीत. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"गोड जरा जास्त झाला ना?" ते म्हणाले.

"तुम्हाला कसा वाटतो?"

"तू सांग ना."

"मी कशाला सांगू? बाटलीवर नाव तुमचं आहे."

त्यांनी पट्टी गुडघ्यावर ठेवली. बाहेर वहिनी नळाखाली भांडी घासत होत्या, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी आवाज खाली आणला.

"मले वास येत नाही," ते म्हणाले. "त्या तापापासून. कशाचाच नाही. खसाचा नाही, डांबराचा नाही, माह्या सोताच्या अंगाचाबी नाही."

"मग हे पारखलं कसं?"

"जावयाचं तोंड पाह्यलं. हिचं पाह्यलं. दोघंबी खूष दिसले. म्हटलं, जमलं." मग थोड्या वेळाने : "आमच्या सेक्शनच्या त्या तोंडपाह्याईले मी काय काय बोललो होतो, आठवते ना तुले?"

मला आठवत होतं. त्यांनी विचारलं, वास नेमका कसा आहे ते सांग, लपवू नको. मी काकडीपासून टॉवेलपर्यंत सगळं सांगितलं. बातमी सांगावी तसं सांगितलं. ते ऐकत होते आणि हाताचा तळवा लुगड्याला पुसावा तसा धोतराला पुसत होते. शेवटी म्हणाले, "माह्या नावावर हे लोक मानेले लावून राहिले? बायामाणसं? लेकरंबी?" त्यानंतर त्यांचं एकच म्हणणं होतं, ते शेवटपर्यंत बदललं नाही : बाटलीवरून आपलं नाव निघालं पाहिजे, आणि आपल्या डोळ्यांदेखत निघालं पाहिजे.

जावयांशी बोलणं झालं ते रविवारी, त्याच घरात. जावई म्हटल्यावर पाटावर बसवून आधी जेवू घातलं गेलं. दामूभाऊंनी स्वतः पान लावून दिलं आणि मग विषय काढला. जावई शांतपणे ऐकत होते.

"बाबा, विच हेझलला स्वतःचा वासच नसतो, हे तुम्हीच शिकवलं ना मला? मग कस्टमरला सुंघायला काहीतरी तो देना पडेगा. सेंटचं कंपोझिशन टाकावंच लागतं."

"आन् विच हेझल कितीक आहे त्यात?"

"नाम है ना."

"मी पाण्याचं विचारून राहिलो, जावईबापू."

"पाणी म्हणजे पाणी. आरओचं. एकदम शुद्ध."

"मंग माहं नाव काढा. बाकी तुमाले काय विकाचं ते विका."

जावयांनी पानाची पिचकारी अंगणात टाकली आणि हसत म्हणाले, "काढतो की. पण लोक विचारतील, कावून काढलं? काय सांगू? काका की नाक ही चली गई? बाबा, तुमची इज्जत मी सांभाळून राहिलो आहे, समझो." मग माझ्याकडे वळून, "अंकल, तुम्हीच समजवा. घरातली गोष्ट आहे. रजनीला किती वाईट वाटेल."

सासऱ्याचं नाक गेलं आहे, हे आम्ही न सांगताच जावयांना माहीत होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. पण त्यांनी मुद्दाम नाक नसलेल्या माणसाकडून पसंती घेतली होती, इतकं त्या हसण्यात स्पष्ट दिसलं. लेकीचं सासर आणि सासऱ्याची अब्रू, दोन्ही एकाच पानात बांधून चघळणारा माणूस मी त्या दिवशी पाहिला. गुन्हेगारांच्या मुलाखती घेतल्या आहेत. इतकी शिसारी आली नव्हती.

पुढच्या मंगळवारी दामूभाऊंनी मला बोलावलं आणि लिहून घ्यायला सांगितलं. "तुह्या पेपरात छाप. लोक हसतीन तर हसू दे." चार वाक्यं होती. मी ती वहीत उतरवली, घरी आणली आणि छापली नाही.

कारणं मी तीन वेळा दिली. पहिल्यांदा म्हणालो, वकिलाला विचारू. दुसऱ्यांदा म्हणालो, आमच्या पुरवणीत हा विषय बसत नाही. तिसऱ्यांदा म्हणालो, तुमची तब्येत जरा सुधारू द्या. खरं कारण असं की त्या बाटलीची रंगीत जाहिरात आमच्या दैनिकात दर रविवारी येत होती, आणि मला संपादकाच्या केबिनमध्ये जाऊन उभं राहायचं नव्हतं. दामूभाऊ दर वेळी 'बरं' म्हणत. तिसऱ्या फोननंतर त्यांनी विचारणं बंद केलं. जावयांबद्दल मी वर जे शब्द वापरले आहेत ते वाचकांनी माझ्यासाठीही राखून ठेवावेत.

ते झोपेत गेले. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

तेराव्याला कोहक्याच्या मंगल कार्यालयात शोकसभा झाली. प्लांटमधले जुने लोक आले होते, साकोलीकडचे भाऊबंद आले होते. दारात जावयांच्या दुकानातली एक मुलगी निळी बाटली घेऊन उभी होती आणि येणाऱ्याच्या मनगटावर फवारा मारत होती. लग्नात गुलाबपाणी शिंपडतात, तसं. तेराव्याला. आत शंभरेक मनगटांचा काकडी-च्युइंगमचा वास, त्यात झेंडू, उदबत्ती आणि कढीचा वास मिसळून जे काही झालं होतं त्याने पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंना उमासा आला. दामूभाऊंबरोबर वीस वर्षं ड्युटी केलेले एक गृहस्थ माझ्या शेजारी बसले होते. ते मनगट पँटवर घासत होते, लाल होईपर्यंत. "लांजेवारनं हे पास केलं?" त्यांनी विचारलं. "होऊच शकत नाही भाऊ. की म्हातारपणी बिकला तो?"

त्यांना उत्तर म्हणून, आणि ज्यांनी ती बाटली त्या नावावर घेतली त्या सगळ्यांसाठी, दामूभाऊंची चार वाक्यं सांगितली तशी देतो :

"मले तापापासून वास येत नाही. निळ्या बाटलीतलं पाणी मी पारखलं नाही, मी लोकाईचं तोंड पाहून हो म्हटलं. ते माह्या हातचं नाही आन् त्यात विच हेझलबी नाही. ज्यानं माह्या नावावर घेतलं, त्यानं मले माफ करावं आन् ते फेकून द्यावं."

हे छापण्याआधी वहिनींना दाखवणं भाग होतं. गेल्या आठवड्यात कोहक्याला गेलो. नवऱ्याचं नाक गेल्याचं त्यांना पहिल्यांदाच कळेल, अशी माझी समजूत होती, म्हणून बरीच प्रस्तावना केली. त्यांनी ती ऐकून घेतली.

"भाऊजी, दूध नासलं का मी दारात येऊन नाक मुरडत होती. फोडनी जमली का पदरानं वारा घेत 'आहा' म्हनत होती. चार वर्षं, रोज. त्याईनं माह्या तोंडाकडं पाहाचं आन् मंग म्हनाचं, 'आज मेथी मस्त झाली.' त्याईले वाटे, मले माहीत नाही. मी वाटू देल्लं."

मी वही पुढे केली. त्यांना वाचता येतं, पण त्या म्हणाल्या, तुम्हीच वाचा. मी वाचलं.

"यात एक राह्यलं," त्या म्हणाल्या. "जावयानं बाटली आनली त्या दिवशी मी इथंच उभी होती. फुस्स केल्याबरोबर मले मळमळलं. ह्याईनं माह्याकडं पाह्यलं... आन् मी हसली. चांगलं मोठ्ठं हसली. पोरीचा संसार आहे ना तिकडं. ते माह्या भरवशावर हो म्हनले, भाऊजी. जावयाच्या नाही."

हेही लिहू का, असं मी विचारलं.

"लिहा. माह्या नावानं लिहा. कुसुम लांजेवार."

"रजनी?"

"येईल भांडाले. येऊ द्या."

त्या उठल्या आणि मागच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग गेलो. यंत्र जुन्या चादरीखाली झाकलेलं होतं, खसाची पोती भिंतीला होती. मी वर्षापूर्वी तिथे ठेवून आलेली ती बाटली खिडकीत होती, अजून अर्धी भरलेली. वहिनींनी ती उचलली, आपल्या तळहातावर फवारा मारला आणि तळहात नाकाशी नेला. मग त्या दामूभाऊंच्या रिकाम्या खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या, बसलेल्या माणसाला नीट दिसेल इतक्या वाकल्या, आणि सगळा चेहरा आक्रसून, ओठ मुरडून, नाक वर ओढून त्यांनी तोंड वाकडं केलं. पुष्कळ वेळ तसंच धरून ठेवलं.